अशिलाचा रुपया

या, पुढे सरकून बसा मंडळी. एका रुपयाची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर माझ्या हातातली झांज काढून घ्या.

पावतीपुस्तकातली निळी स्थळप्रत... ‘श्रीमती कालिंदीबाई यांजकडून, डमडमच्या घराच्या विसारापोटी, रुपये दोन हजार एक’... आणि त्यातला शेवटचा ‘एक’ कारकून दत्तोपंतांकडे टक लावून बघत होता.

कलकत्त्याला एस्प्लनेडजवळच्या एका सॉलिसिटरांच्या पेढीत बावीस वर्षे अशिलांचा पैसा त्यांनीच घेतला, त्यांनीच बँकेत धाडला. एक पै कधी इकडची तिकडे झाली नाही. काल बाईंनी नोटांचे पुडके ठेवले, वर एक नाणे ठेवले — शुभ असते, शून्यावर व्यवहार थांबू नये — असे आपणच समजून दत्तोपंतांनी मान डोलावून दोन हजार एकची पावती फाडली. नोटा बँकेत गेल्या, नाणे गडबडीत मागे राहिले. उद्या भरू म्हणून ते कोटाच्या खिशात पडले... आणि संध्याकाळी कीर्तन! बुवा असे रंगले, असे रंगले की डोळ्यांना धार लागली, समोर आरतीचे ताट आले, आणि दत्तोपंतांचा हात खिशात गेला तो काय त्यांना विचारून गेला? खणकन वाजला रुपया. बुवांनीसुद्धा वळून बघितले.

आता बारा वाजता पेढीचे मालक रायबाबू पावत्या आणि बँकेचे पुस्तक जुळवणार. दत्तोपंतांच्या मनात आले, आपल्या पदरचा रुपया भरावा तर... छे! आपला पैसा अशिलाच्या पैशाला शिवता कामा नये, हे पेढीतले सोवळे; नव्या कारकुनांना ते शिकवतो कोण, तर मीच. मग ताटातला परत मागावा? देवाला काय सांगायचे — नजरचुकीने दिला?

साडेअकराला कालिंदीबाईच करारावर सही करायला आल्या. दत्तोपंतांनी त्यांना खुर्ची दिली आणि एका दमात सगळे सांगून टाकले.

“अगं बाई! त्या रुपयाची पावती फाडलीत?”

“फाडली.”

“अहो, विसार दोनच हजार ठरलाय. तो तुमच्या चहापाण्याचा होता! जन्म गेला माझा कलकत्त्यात, पण मराठी माणूस भेटला की राहवत नाही.”

“म्हणजे... माझा?”

“तुमचाच! आता देवाचा. बरं केलंत हो,” म्हणून बाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

सुटलो! पावती रद्द करायची, दोन हजारांची नवी लिहायची, रायबाबूंना खरे काय ते सांगायचे, संपले. छाती हलकी व्हायला हवी होती... पण आतून कुणीतरी बारीक चिमटे काढत होते — माझा होता... अख्खा रुपया माझा होता! एरवी ताटात आपण टाकतो एक आणा. तोही मुठीत झाकून, वाजू न देता. मग काल हात एवढा सैल सुटला तो भक्तीने, की खिशातले दुसऱ्याचे आहे हे हाताला ठाऊक होते म्हणून? दत्तोपंतांनी टाक दौतीत बुडवला, आणि तो तिथेच राहिला. पुण्य कुणाच्या नावावर लिहायचे, हे बावीस वर्षांत कुणी शिकवले नव्हते.

तर मंडळी, आता ताट फिरेल. हात खिशात गेला की आमच्या दत्तोपंतांची तेवढी आठवण ठेवा.