फासा हलला तर हलू द्या

उधन्याला यंत्रमागांच्या कारखान्याच्या वर जी खोली आहे ना, तिथे कपातला चहासुद्धा स्वस्थ बसत नाही. आणि भूपेंद्र, निंबा आणि हर्षदा या तिघांनी दर रविवारी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर लढायचा खेळ, खेळायला नेमकी तीच निवडली. फासा पडायचा पाच, हादऱ्याने व्हायचा दोन, की भांडण सुरू. शेवटी खेळ चालवणाऱ्या भूपेंद्रने घरचा नियम केला. साध्या तलवारीचा फासा पडला तो पडला. जादूचं शस्त्र मात्र जिवंत, त्याचा फासा हलला तर हलू द्यायचा. शस्त्र ज्याच्या हातात, त्याने "घेतलं" म्हटलं की आकडा पक्का आणि राक्षसाला तेवढा मार. निंबाने या नियमाला चक्क फालतू म्हटलं होतं.

आज त्याच निंबाचं पात्र, एक वैद्य, राक्षसाच्या जबड्यात अडकला होता, आणि जादूचा विळा हर्षदाच्या पात्राच्या, काजळीच्या हातात. सहा पडले तर राक्षस मेला. चार-पाचवर काजळी एकटी निसटणार, वैद्य गिळला जाणार. त्याहून कमी, तर दोघंही संपले. भूपेंद्रच्या खेळात मेलेला परत येत नाही, आणि निंबाने तो वैद्य वर्षभर जीव लावून सांभाळलेला.

तिने स्टीलच्या ताटात फासा टाकला. तीन. खाली माग धडधडत होते, ताट थरथरलं, फासा कलंडला. पाच.

"घे," निंबा म्हणाला. "माझं जाऊ दे. तू तरी सूट."

"गप बैस," हर्षदा म्हणाली. भीती वाटत होती, पण काय मजा येत होती तिला.

फासा पुन्हा कलंडला. एक. आणि मेली लाइट तेव्हाच गेली. पंखा थांबला, माग थांबले, ताट गप्प झालं.

भूपेंद्रने हात झटकले. "झालं. दोघंही गेले."

"मी 'घेतलं' म्हटलंय का?"

नियम भूपेंद्रचाच, त्याला पाळणं भागच होतं. तिघंही घामाघूम होऊन ताटाकडे बघत बसले.

लाइट आली. खाली एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळी रांगच उठली. ताट नाचलं, फासा उडून काठाला आपटला. सहा. तो पुन्हा डुगडुगणार तोच हर्षदा ओरडली, "घेतलं."

निंबा उठला. तडक खाली गेला आणि मागांवरच्या सगळ्यांना चहा सांगून आला. कशाबद्दल, ते त्यांना अजून कळलेलं नाही.