निरोपाच्या गाण्यातली रिकामी ओळ

मित्रांनो, शाळेतल्या फळ्यांशी माझी तुलना करू नका. ते पाढे आणि सुविचार मिरवतात. मी पोशीर गावच्या गायन मंडळाचा जुना फळा आहे, आणि माझ्यावर माणसं लिहिली जातात.

सागाच्या लाकडातून मला घडवलं, वर काळा रंग दिला आणि देवळाच्या सभामंडपात दारालगत उभं केलं. भातकापणी उरकून दाणा घरात आला की एका रविवारी दुपारी मंडळाचा कार्यक्रम व्हायचा. छापील पत्रिकेचे लाड गावाला परवडत नव्हते, तेव्हा पत्रिका म्हणजे मीच. आधी गाण्यांची नावं, मग गाणाऱ्यांची. भूपाळी, गौळण, भातलावणीची गाणी, आणि सगळ्यात शेवटी निरोपाचं गाणं. ढोलकी वाजवणारा बुधाजीच माझ्यावर लिहायचा, तोही खडू पाण्यात बुडवून. त्याने अक्षर ठसठशीत यायचं, पण पुसलं तरी पुरतं जायचं नाही. हवा दमट झाली की अजूनही माझ्या अंगावर जुन्या वर्षांची नावं वर येतात. मेलेली माणसं जिवंतांच्या ओळींमधून डोकावतात. मला त्यांची भीती वाटत नाही, पण चैनही पडत नाही.

सुरुवातीला नावं इतकी असायची की बुधाजीला माझ्या कडेने उभी अक्षरं काढावी लागत. एका वर्षी सरपंचांना आपलं नाव सगळ्यांच्या वर हवं होतं. बुधाजीने ते इतकं वर लिहिलं की चौकटीवर गेलं आणि कुणाला दिसलंच नाही. मग पोरं कारखान्यांत लागली, कुणी मुंबईला गेलं, आणि नावं आटत गेली. मधली काही वर्षं तर कार्यक्रमच झाला नाही. तेव्हा मला एका गोठ्याच्या मोडक्या दाराला टेकवून ठेवलं होतं. म्हैस माझ्यावर पाठ खाजवायची. म्हशीचा मला राग नाही, गावाचा मात्र आला होता. पुढे कार्यक्रम पुन्हा सुरू झाला आणि मी मंडपात परतलो.

आता मंडळाची एक रीत सांगतो. निरोपाच्या गाण्यात प्रत्येकाला एकट्याने म्हणायची एक ओळ असते. कुणी वारलं, तर पुढच्या कार्यक्रमाला त्याचं नाव माझ्यावर राहतं आणि त्याची ओळ कुणी म्हणत नाही. तेवढा वेळ नुसती ढोलकी वाजते. वर्ष सरलं की ती ओळ दुसऱ्याला देतात. हे गाणं तालमीत कधीच म्हणत नाहीत, उगाच निरोप घेऊ नये म्हणून.

नामा गेला तेव्हाही तसंच झालं. मंडळातला सगळ्यात भरदार आवाज त्याचा. वर्ष सरल्यावर बुधाजीने त्याची ओळ दुसऱ्याला द्यायचं काढलं, तर मंडळातच गाणारी नामाची बायको इंदूबाई आडवी आली.

"नाय रं बुधाजी," ती म्हणाली. "नुसती ढोलकी वाजते ना, तवा मला त्यांचा आवाज येतो. दुसऱ्यानं ती ओळ म्हटली तर तो पन जाईल."

बुधाजीने तिचं ऐकलं. पुढे कितीतरी वर्षं नामाचं नाव लिहिलं गेलं आणि त्याची ओळ रिकामी राहिली. खरं सांगतो, त्या ओळीच्या वेळी भर दुपारी मंडपात गारवा यायचा. गाणारे माना खाली घालायचे. इंदूबाई मात्र कान देऊन ऐकायची आणि हसायची. ते हसू बघून माझ्या लाकडाच्या अंगावर काटा यायचा.

गेल्या वर्षी जवळच्या शेलू गावातल्या नव्या इमारतीत राहायला आलेली समिधा मंडळात दाखल झाली. गळा गोड, आणि नोकरीवरून दमून आली तरी तालीम चुकवायची नाही. बुधाजीची सून शकू हिने तिला निरोपाच्या गाण्याचे सगळे शब्द मोबाइलवर पाठवले. रिकाम्या ओळीचं सांगायचं तेवढं राहिलं. गावात ते ज्याला त्याला माहीत होतं. कुणाला सांगावं लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

कार्यक्रम छान रंगला. निरोपाचं गाणं सुरू झालं, नामाची जागा आली आणि ढोलकी एकटी वाजू लागली. समिधाला वाटलं, कुणीतरी आपली ओळ विसरलं. चारचौघांत फजिती नको म्हणून तिने चटकन ती उचलली.

"माझी वाट पाहू नका, दार घ्या लावून."

बुधाजीचा हात थबकला. शकूने तोंडाला पदर लावला. पुढची ओळ इंदूबाईची होती, पण तीही रिकामीच गेली. बाकीच्यांनी गाणं कसंबसं संपवलं.

माणसं पांगल्यावर शकूने समिधाला सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा पार उतरला. इंदूबाई माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. समिधा तिच्याजवळ गेली.

"आजी, मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली.

"आज नाय आला त्यांचा आवाज," इंदूबाई म्हणाली. मग तिने माझ्यावरच्या नामाच्या नावाकडे पाहिलं. "नाय आला म्हनून शब्द ऐकू आले गं. इतकी वर्सं आवाजाच्याच मागं व्हते मी. ते दार लावून घ्या म्हनत व्हते, आन् मी उघडंच ठेवून बसले."

एवढं बोलून ती ढसाढसा रडली. रडू ओसरल्यावर उठली, बुधाजीच्या हातातलं फडकं घेतलं आणि नामाच्या नावासमोर उभी राहिली.

मित्रांनो, तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. जुनी नावं पुसायची वेळ येतेच, ती काही कुणाला चुकत नाही. पण मुकाट्याने फडकं मारू नका. आधी ते नाव एकदा मोठ्याने वाचा. इंदूबाईने तेच केलं. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्न झाल्यापासून ती त्याला 'हे' म्हणत आली होती, आणि तो गेल्यावर 'ते'.

"नामा," ती म्हणाली.

मग तिने फडकं फिरवलं आणि त्या जागी लिहायला खडू समिधाच्या हातात दिला.