जरीचे अंगठे

राजूरच्या मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोरांवर खरीखुरी फिल्म करणार, असं मी भर वर्गात जाहीर केलं. कल्याण सर म्हणाले, "वाया गेलेल्या पोरांत दाखवण्यासारखं काय आहे?" मी म्हणाले, "सर, तेच तर दाखवणार!" नववीपर्यंत माझं तोंड उघडत नव्हतं. दहावीत उघडलं ते मिटेचना.

पिठाच्या गिरणीमागं त्यांची टीम बसायची. चतुर्थीला देवळात गर्दी झाली की नेटवर्क जायचं, तेव्हा टीममधला पप्पू म्हणायचा, "आज आपला बी उपास." पण टीम चालवायची माझ्या वर्गातली तृप्ती, तीही घरच्या गच्चीवरून, आईच्या फोनवर. गेममधे कुठं उतरायचं, कधी लपायचं, हेडफोनवरून पोरांच्या कानात तीच सांगायची. टीम जालन्याच्या गेमच्या स्पर्धेसाठी निवडली गेल्ती. तिच्या घरी वाटायचं, पोरगी ऑनलाइन क्लास करून राह्यली.

"माझं तोंड बिलकुल दाखवू नको," ती म्हणाली. "बाबांना कळलं तर शाळा बी बंद."

"आईशप्पथ न्हाई!"

सर म्हणाले, पोरीचा भाग काढ. मी भांडले. तिला काढलं तर फिल्मच खोटी! मग मी तिचा आवाज बदलला आणि फक्त हात घेतले. घामानं बोट घसरू नये म्हणून हे लोक अंगठ्याला कापडी टोपी घालतात. साध्या कापडाला स्क्रीन दाद देत नाही, जरीच्या कापडाला देते, हा तृप्तीचा शोध. आईच्या जुन्या ब्लाउजच्या तिनं टोप्या शिवल्या होत्या. हिरव्यागार, बुट्ट्यांच्या. स्नेहसंमेलनात पडद्यावर ते अंगठे असे काही नाचले की टाळ्याच टाळ्या. मला वाटलं, जिंकलो!

दुसऱ्या रांगेतून तिची आई, वंदनाकाकू, खुदकन हसून ओरडल्या, "अगं बया, हा तर माझ्या लग्नातला ब्लाउज!"

शेजारी बसलेले तृप्तीचे बाबा पडद्याकडं बघतच नव्हते. काकूंकडं बघत होते.

सोमवारी तृप्तीचा बाक रिकामा. मंगळवारीही. मी घरी गेले. काकू दारातच उभ्या.

"मामाकडं जांबला धाडली. दहावीचा फॉर्म बाहेरून भरू म्हणतेत तिचे बाबा."

"काकू, मी बोलू का काकांशी? मी समजावते त्यांना."

"तू बोललीस तेवढं बास झालं, बाई."

टीमनं स्पर्धेतून नाव काढून घेतलं. पप्पू मला रस्त्यात बघून गिरणीत शिरतो. फिल्मला मात्र जिल्ह्याच्या शालेय फिल्म स्पर्धेत पहिला नंबर. परीक्षकांनी लिहिलं, 'मुलींना न्याय देणारी.' सरांनी ते फळ्यावर लिहिलं. मी पुसा म्हणाले, तर सर म्हणतात, लाजू नको.

काल तिच्या मामीच्या नंबरवरून फोन आला.

"तृप्ते, चुकलं गं माझं."

"न्हाई. चांगलं दाखवलं तू. माझा हात कसा चालतो ते मी बी पहिल्यांदाच पाह्यलं."

"मंग आता?"

"आता काय? शेळ्या सोडायच्यात."

फोन बंद झाला. मी परत लावला, दहादा लावला. कुणी उचलला नाही.