माझ्यात सिमेंट भरलं तेव्हा

मी एक जुना समुद्री दगड आहे. अशा वेळी ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. एरवी तुमची-माझी कसली मैत्री? तुमच्यातले निम्मे मला ठेचकाळतील आणि वर मलाच शिव्या देतील.

प्रवाळाच्या बारीक जिवांनी पिढ्यान्पिढ्या एकावर एक घरं बांधली. ते मेले आणि त्या रिकाम्या घरांचा मी झालो. म्हणून माझ्या अंगात भोकंच भोकं. त्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहायचे आणि पाण्यातली घाण खाऊन टाकायचे. मला त्यांचा फार अभिमान होता. पुढे कुणीतरी मला उचललं, एका हॉटेलातल्या काचेच्या टाकीत ठेवलं आणि हॉटेल बंद पडल्यावर शोभेच्या माशांच्या दुकानामागे गोणीत टाकून दिलं. नऊ वर्षं मी त्या गोणीत वाळत पडलो. जिवाणू केव्हाच मेले. झुरळं मात्र मजेत होती.

तिथून मला दातांच्या डॉक्टरांनी घरी नेलं. डॉक्टर निवृत्त झालेले, हाताला काम नाही. घरात डॉक्टरीणबाई आणि ठमी. ठमी म्हणजे बाईंची आठ वर्षांची नारिंगी समुद्री मासोळी, बाईंच्या बोटांतून दाणे खाणारी. तिची टाकी तळातून फुटली होती. नवी टाकी आली होती, पण पाणी साफ ठेवणाऱ्या दगडाशिवाय ती नुसतीच पेटी. तोवर ठमी न्हाणीघरातल्या टबात होती. लपायला कोपरा नाही म्हणून घाबरून गोल गोल फिरायची, चार दाणे कसेबसे गिळायची. बाईंनी फुटका कप ठेवून पाहिला, तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिला लवकर घर मिळालं नाही तर ती जगणार नाही, हे बाईंना कळत होतं. रोज निम्मं पाणी बदलून त्या टबाशी स्टूल टाकून बसायच्या.

दुकानदाराने सगळं नीट सांगितलं होतं. घासा, ब्लीचमध्ये भिजवा, खळखळून धुवा, उन्हात वाळवा, मग पंप लावून मिठाच्या पाण्यात झाकून ठेवा, बाटलीतले नवे जिवाणू सोडा आणि पाणी तपासत राहा. डॉक्टरांनी मान डोलावली. अडतीस वर्षं लोकांचे दात घासलेल्या माणसाला हा पोरगेला दुकानदार काय घासायला शिकवणार!

गॅलरीत मला टेबलावर घेतलं. हातमोजे, मास्क, कपाळावर दिवा. टूथब्रशने घासलं, दात कोरायच्या आकड्याने कोरलं. सवयीने मला म्हणालेसुद्धा, दुखलं तर हात वर करा. मला हात असता तर आधी त्यांच्या थोबाडात दिली असती. पण खोटं कशाला बोलू, नऊ वर्षांची घाण निघाली. ब्लीचच्या पाण्यातून दोन दिवसांनी बाहेर आलो तो पांढराशुभ्र होऊन. बाई म्हणाल्या, किती छान दिसतोय. नऊ वर्षांनी कुणीतरी बरं बोललं होतं. मला आवडलं, झालं समाधान?

आणि तिथेच घात झाला. मी उन्हात वाळत असताना डॉक्टरांनी पुन्हा दिवा लावून पाहिलं. भोकंच भोकं! हाताला खाज सुटली. बंद दवाखान्याच्या खणातून उरलेलं दात भरायचं सिमेंट काढलं आणि एकेक भोक कीड लागलेल्या दाढेसारखं भरत सुटले. वरून घासून गुळगुळीतही केलं. बाईंना अभिमानाने दाखवलं, आता वीस वर्षं बघायला नको. बाईंना ते खटकलं, पण डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून त्या गप्प राहिल्या.

पाच आठवडे मी झाकलेल्या पिंपात होतो. बाई दर आठवड्याला नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकायच्या. पाणी चांगलं झालं की रंग पिवळा यायला हवा. दर वेळी हिरवाच. जिवाणूंना राहायला जागाच कुठे ठेवली होती? ठमी वाळून तिची पाठ आत गेली, आणि डॉक्टर म्हणायला लागले की दगडच खराब निघाला. माझ्याच तोंडात बोळे कोंबायचे आणि वर मी बोलत नाही म्हणून मलाच बोल लावायचा! असा संताप आला होता म्हणून सांगू.

शेवटी बाईंनी माझा फोटो दुकानदाराला पाठवला. त्याने एवढंच विचारलं, याची भोकं कुठे गेली? बाईंनी फोन ठेवला आणि हातोडी आणली. डॉक्टर आडवे आले, त्यांची एवढी मेहनत होती.

“अहो, दाढ नाहीये ती,” बाई म्हणाल्या. “ठमीचं घर आहे.”

डॉक्टर खाली बसले आणि मी घरंगळू नये म्हणून मला दोन्ही हातांनी धरून राहिले. बाईंनी घाव घातला. माझे दोन तुकडे झाले, आणि आत माझी सगळी भोकं जशीच्या तशी होती. आता मी दोन आहे आणि दोघांनाही राग आहे.

मला पुन्हा पिंपात सोडलं, आणि आणखी चार आठवड्यांनी नळी पिवळी झाली. टाकीत माझे तुकडे एकमेकांना टेकवून ठेवले, मध्ये फट राहिली. ठमी दिवसभर लांबून बघत होती. दुसऱ्या दिवशी सरळ आत शिरली, आयत्या बिळावर नागोबा! तिसऱ्या दिवशी फटीतून तोंड काढून तिने बाईंच्या बोटांतले दाणे खाल्ले. बाई रडल्या. डॉक्टर शेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून. अजूनही रोज तसेच उभे राहतात.

तर मित्रांनो, कुणात पोकळी दिसली की लगेच बुजवायला धावू नका. तिथे कोण राहतं ते आधी विचारा. सांगून झालं, आता निघा. आणि काचेवर टकटक करायची नाही. ठमी आत झोपलीय.