डाव्या पेडलचा स्क्रू

या, असे जवळ सरका. एक गोष्ट सांगतो, पण मोठ्यानं सांगायचा धीर नाही मला. हसू येईल तिथं खुशाल हसा. मीही हसलो होतो. त्या हसण्याचंच ओझं उतरवायला बसलोय.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. घड्याळं दुरुस्त करतात. माझं सायकलचं दुकान. पन्नाशी उलटल्यावर त्यांना रोडबाइकचं, म्हणजे पातळ चाकांच्या वेगवान सायकलचं, वेड लागलं आणि एका सकाळी ते दुकानात हजर. "काय शालकबुवा, बूट अडकवायची ती पेडलं दाखव."

"क्लिपलेस म्हणतात त्यांना."

"पाय क्लिपमध्ये अडकतो आणि म्हणे क्लिपलेस! हे नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटव मला."

मी तीन जोड मांडले. स्वस्तातला जड, त्याची स्प्रिंग एकाच ताणाची. महागडा पिसासारखा हलका. "तो शर्यतवाल्यांसाठी. तुमचं पोट त्याच्या शंभर पट जड आहे, भाऊजी."

"पोटाला नावं ठेवू नकोस, तुझ्या बहिणीच्या हातचं आहे."

मग मी मधला जोड पुढं सरकवला. टेकायला जागा रुंद, टाच थोडी इकडंतिकडं हलवता येते म्हणून गुडघा दुखत नाही, आणि मागच्या बारीक स्क्रूनं स्प्रिंग हवी तेवढी सैल करता येते, म्हणजे बूट चटकन सुटतो. नवशिक्याला हाच. त्यांनी भिंग काढून स्प्रिंग पाहिली, म्हणाले, "काम स्वच्छ आहे. बसव."

आता चित्त इकडे द्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते आवळायला पाना उलटा फिरवावा लागतो. उजवं पेडल बसवून मी त्याची स्प्रिंग सैल केली. मग डावं बसवलं आणि त्याच उलट्या सवयीत हात पुढं चालत राहिला. स्प्रिंगचा स्क्रू मात्र दोन्हीकडं सुलटाच असतो. सैल करतोय असं समजून मी तो शेवटपर्यंत आवळला.

तरीही चूक सापडली असती. गिऱ्हाइकाला भिंतीला धरून दोन्ही पाय वीस-वीस वेळा अडकवायला आणि टाच बाहेर झटकून सोडवायला लावल्याशिवाय मी सायकल देत नाही. भाऊजींचा उजवा पाय झाला. तेवढ्यात त्यांच्या दुकानातून फोन आला, कोणीतरी खोळंबलं होतं. मी म्हणालो, "जा, डावाही असाच निघतो."

भाऊजी डावखुरे. सिग्नलला थांबताना डावाच पाय काढायला गेले. निघाला नाही. उभ्या सायकलसकट आडवे झाले, डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

घरी थट्टेला ऊत आला. "उभ्याउभ्या पडणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. कारण हँडल सरळ करायला सायकल माझ्याकडं आली, तेव्हा त्या स्क्रूला अ‍ॅलन की, म्हणजे सहा कोनांचा बारीक पाना, लावताच मला सगळं कळलं होतं. मी तो गुपचूप सैल केला आणि अंगठ्यानं वरची धूळ पुसली. देवापुढं हात जोडताना तोच अंगठा वर दिसायचा.

दीड महिन्यानं भाऊजींनी बोलावलं. प्लास्टर निघालं होतं. म्हणाले, "सायकलला गिऱ्हाईक बघ. पायाला सांगितलेलं आता पोचत नाही रे. वय झालं. आज पाय, उद्या डोळे. दुकानही आवरावं म्हणतोय."

ताई या वेळी हसली नाही.

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. "पाय तुमचा चांगला होता, भाऊजी. स्क्रू मी आवळला होता." मग सगळं सांगितलं, सैल केला तेही, धूळ पुसली तेही.

मग भाऊजी म्हणाले, "म्हणजे पायानं माझं ऐकलं होतं, ओढलं होतं?"

"हो. कितीही ओढलं असतं तरी तो सहज निघाला नसता."

त्यांनी डावा पाय जमिनीवरून उचलला, टाच बाहेर झटकली. पुन्हा झटकली. "बघ, पोचतंय," ते ताईला म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला म्हणाले, "सायकल विकू नकोस."

ताई उठली. माझ्यासमोरचा पेला उचलून आत घेऊन गेली. "त्यांनी माफ केलं असेल," आतूनच म्हणाली, "मी दीड महिना तुझ्यासमोर त्यांना चिडवत होते. तू हसत होतास."

अजून ती माझ्याशी मोजकंच बोलते, आणि बरोबर आहे तिचं.

भाऊजी पुन्हा सायकल चालवतात. पण त्यांचा तो डावा हात अजून थरथरतो. बायकांची लहान घड्याळं ते परत पाठवतात. माझ्यासाठी काही मागू नका. पण तुम्ही जिथं हात जोडता, तिथं एकदा त्या डाव्या मनगटाची आठवण ठेवा.