डब्याला टेकवलेला फोन

डबा जागेवर नव्हता. साखरेचा, स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला — वल्लरीने चहा करताना घेतला आणि भलत्याच फळीवर ठेवून दिला... सुमेधाला वाटलं, हिला हाकलून द्यावं, आत्ताच्या आत्ता, ओल्या केसांसकट. दोन वर्षं रोज सकाळी सात वाजता ती याच डब्याला फोन टेकवून पोळ्या लाटत होती, आणि तिकडे टोरांटोत रात्रीचं जेवण आटोपून ही सून — आल्हादने तिकडेच लग्न केलेली, कधी न भेटलेली — गालावर हात ठेवून ऐकत होती.

फोनमध्ये तिला पाय नव्हते. इथे ते गंगापूर रोडच्या या रो-हाउसमध्ये वरखाली फटफट वाजतात. चहा भुरकते. अंगाला कसल्याशा तेलाचा वास. परवा दारातच तिने मिठी मारली तर सुमेधाचे हात लाकडासारखे ताठ... कोण ही बाई? आणि हिला मी ते सांगितलं?

ते — म्हणजे आल्हाद तीन वर्षांचा असताना त्याला शेजाऱ्यांकडे ठेवून, बॅग भरून मी नाशिकरोड स्टेशनवर गेले होते, परत न येण्यासाठी. दोन गाड्या सोडल्या. घरी आले, कुकर लावला. नवऱ्याला, ढुंढिराजना, आजतागायत पत्ता नाही. हिला सांगून आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला मी. आता ही त्यांच्याच शेजारी सोफ्यावर बसून पोहे खाते, हसते. पुढच्या आठवड्यात आल्हाद येतोय. हिने त्याला सांगितलं असेल तर त्या मुलाकडे मी बघायचं कसं?

वल्लरी वर गेली. थोड्या वेळाने ओट्यावरचा फोन वाजला — तीच, व्हिडिओ कॉल. सुमेधाने सवयीने तो टेकवायला नेला. डबा नव्हता, मग हातातच धरला.

"आई, समोर असले की तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

तोच गालावरचा हात.

"आल्हादला सांगितलंस?" सुमेधाने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही. ते तुमचं आहे."

पटलं, लगेच. हेच ती ओट्याशी उभं राहून म्हणाली असती तर खोटारडी म्हटलं असतं मी तिला... वर खुर्ची सरकली, आणि क्षणभराने तोच आवाज फोनमधून आला. वरची ती बाई नकोशीच होती, अजूनही.

"खाली येऊ का?"

"नको," सुमेधा घाईने, जवळजवळ विनवणीने म्हणाली. "तू तिथूनच बोल."