तीसच्या तीस रोजे

ईदच्या सकाळी मजीदभाईंच्या घरात सगळं झकास चाललं होतं, फक्त त्यांच्या बायकोच्या, फहमिदाच्या, जिवाला चैन नव्हतं. शीरखुर्म्याच्या पातेल्यापाशी ती उभी होती खरी, पण नजर सारखी मुलीमागं धावत होती. राहत भरल्या वाट्या नेत होती, रिकाम्या आणत होती, पुन्हा नेत होती. पोरगी एका जागी बसेल तर शपथ! आणि वाढणाऱ्याला कोण विचारतंय, तू खाल्लंस का म्हणून?

महिनाभर तर विचारायची सोयच नव्हती. रोजा म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. पहाटे सहेरीच्या जेवणाला राहत उठायची, ताटात बोटं फिरवायची. संध्याकाळी एक खजूर, घोटभर पाणी, की चालली नमाजाला. आज मात्र ईद. आज रोजा धरणं हराम, म्हणून तर ही पायाला भिंगरी लावून फिरत होती.

"राहत, तू घेतलंस का?"

"घेतलं ना अम्मी, मघाशीच."

कधी घेतलं? पातेलं तर पहाटे फजरच्या नमाजापासून फहमिदाच्याच ताब्यात होतं.

थंडीत राहतची मंगनी मोडली होती. मुलाकडचे सोयगावचे, मोठे गोडबोले. मुलाची आई हसत हसत म्हणाली होती, "लडकी अच्छी है, बस जरा भारी है." थोड्याच दिवसांत अंगठी परत मागवली. त्यावर घरात कुणी ब्र काढला नाही. राहत रडली का, झोपली का, कुणी पाहिलं नाही. बसमध्ये छत्री विसरावी तसं सगळ्यांनी ते विसरायचं ठरवलं. फहमिदानं एवढंच केलं, की पोरीच्या ताटातली दुसरी रोटी उचलायला लागली. पुढचा रिश्ता येईपर्यंत जरा उतरेल म्हणून. आईच ती, भल्याचंच बघणार! आता ते आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा. राहत उतरली, आणि उतरतच राहिली.

बैठकीतून मजीदभाईंचा आवाज आला. सीटकव्हरच्या दुकानात गिऱ्हाईक पटवून पटवून त्यांचा गळा मोकळा झालेला.

"हमारी राहतने इस साल तीस के तीस रोजे रखे! एक नहीं छूटा!"

"माशाल्लाह!" पाहुणे म्हणाले.

फहमिदाच्या हातातली पळी थांबली.

तीसच्या तीस? महिन्याच्या त्या दिवसांत बाईला रोजा माफ असतो. तेवढे सुटतात, मागाहून भरून द्यायचे. राहतचे दरसाल सुटायचे. यंदा एकही सुटला नाही. हे गणित पुरुषांच्या डोक्यात शिरत नाही, ते एक सोडा. पण घरभर शाबासकी वाटताना आईलाही सुचू नये? पोरीचे ते दिवस आलेच नव्हते.

राहत रिकाम्या वाट्या घेऊन आली तशी फहमिदानं तिचं मनगट धरलं. काचेच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या. फहमिदा बिडकीनची, मराठी शाळेत शिकलेली. मायलेकींचं मनातलं बोलणं मराठीतच व्हायचं.

"पाळी कधीपासून बंद हाय?"

राहत खाली बघत राहिली. "रमजानच्या आधीपासून."

"आन् सांगितलं नाय?"

"कशाला सांगू? बरंच झालं ना, रोजे पुरे झाले. उद्यापासून ईदनंतरचे, शव्वालचे सहा रोजे धरणार हाय."

"नाय धरायचे. बिमाराला रोजा नसतो. उद्या डॉक्टरीणबाईकडं जायचं."

"मी बिमार नाय!"

तेवढ्यात बैठकीतून हाक आली, "राहत, बेटी, इधर आ. चाचा ईदी देरे!"

राहत निघाली, पण फहमिदाच आधी दारात जाऊन उभी राहिली. पाहुण्यांसमोर ती कधी बोलत नसे.

"उसकी तबियत ठीक नहीं," ती म्हणाली. "तीस रोजों की तारीफ अब बस करो."

मजीदभाई हसू तोंडावर ठेवून बघतच राहिले. फहमिदानं दार लोटलं.

राहत फरशीवर बसली होती. चेहरा लालबुंद झाला होता. "सगळ्यांसमोर कशाला बोललीस?"

"मग काय तुझी तारीफ ऐकत बसू?"

"तेवढीच तर होती, अम्मी!" राहत ओरडली. "अंगठी परत गेली तवापासून या घरात कुणी माझ्याकडं नीट बघितलं नाय. रोजे धरले, तवा अब्बा शाबास म्हणले. तू पण म्हणलीस. खाल्लं की सगळे गप, नाय खाल्लं की शाबास. मग मी काय करायला पायजे होतं?"

फहमिदा तिच्या शेजारी खाली बसली. बाहेर पाहुणे उठायला लागले होते, चपलांचा आवाज येत होता, मजीदभाई कुणाची तरी माफी मागत होते. थंडीपासून जे विचारायचं राहिलं होतं, ते तिनं आता विचारलं.

"मंगनी मोडली तवा लई वाईट वाटलं का गं?"

"लई," राहत म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. फहमिदानं तिला जवळ ओढलं. त्या दिवशी तिनं राहतला खा म्हटलं नाही.